तिसरा दिवस न पाहिलेला झगा

मांजरपाटाचा एक जुना झगा तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. एकेकाळी मी दुधासारखा पांढरा होतो. आता माझा रंग फिक्या चहासारखा झाला आहे आणि कोपरापाशी दोन ठिगळं आहेत. मी कुणा राजाचा किंवा साधूचा नाही. मी येशू ख्रिस्ताचा झगा आहे, म्हणजे नाटकातल्या आणि सिनेमातल्या येशूचा. खऱ्या येशूला मी पाहिलेलं नाही. पण त्याचं सोंग घेऊन जे जे माझ्यात शिरले, त्या प्रत्येकाचा घाम मला अजून ओळखता येतो.

माझा जन्म चिंचवडला झाला. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं होतील. स्टेशनजवळच्या एका चाळीत कौशल्याबाई आणि त्यांचे यजमान सयाजी राहत होते. दोघं नेवाशाकडून इकडे आलेले. सयाजी इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात होते, आणि कौशल्याबाई घरी परकर-पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवत. त्या वर्षी चर्चच्या आवारात उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक करायचं ठरलं. येशूचं काम सयाजींकडे आलं, कारण चर्चच्या मंडळीत दाढी वाढवायला घरून परवानगी त्यांना एकट्यालाच होती.

प्रभूचा झगा बिनशिवणीचा होता, हे कौशल्याबाईंनी लहानपणापासून ऐकलेलं. पिंपरीच्या बाजारातून मांजरपाट आला आणि त्या डोक्याला हात लावून बसल्या.

"सबंध विणलेला झगा मी कुठून आणू? माग काय माझ्या बापाचा हाय?"

"अगं, लांबून शिवण कोण बघतंय?" सयाजी म्हणाले.

"मी बघते ना!"

शेवटी त्यांनी सगळ्या शिवणी आतल्या बाजूला घेतल्या आणि मशीनला हात न लावता नऊ दिवस हातानं मला शिवलं. आजही मला बाहेरून पाहा. त्या नऊ दिवसांतला एक टाका दिसणार नाही. एवढा एक अभिमान मी बाळगतो, त्याबद्दल मला क्षमा करा.

पुढची अठ्ठावीस वर्षं मी दर उत्तम शुक्रवारी येशू झालो. ज्याच्या अंगावर मी असे, त्यानं त्या दिवशी तंबाखू खायची नाही आणि तोंडातून शिवी काढायची नाही, असा कौशल्याबाईंचा नियम होता. कारखान्यात सयाजींना मित्र चिडवत, "काय येशू, आज ओव्हरटाइम करणार का स्वर्गात जाणार?" सयाजी नुसते हसत. त्यांचे मित्र सोनबा रोमी शिपाई होत. वधस्तंभापाशी मला सयाजींच्या अंगावरून ओढून काढायचं आणि फासे टाकून जिंकायचं, हे सोनबांचं काम. ओढताना ते हळूच पुटपुटत, "सयाजी, हात वर कर रे. फाटला तर तुझी बायको मलाच खिळे ठोकंल."

लोक रडत. नाटक झाल्यावर बायका येऊन माझ्या काठाला हात लावत. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

पण एक गोष्ट सांगतो. आमचं नाटक येशूला कबरेत ठेवलं की संपायचं. उत्तम शुक्रवारचं नाटक ते, त्यात पुढचं कसं दाखवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाळी असायची. रविवारी ईस्टरची पहाटेची उपासना झाली, की जो तो पाव्हण्या-रावळ्यांत. येशू कबरेतून उठला त्या तिसऱ्या दिवसाचं नाटक कुणी कधी केलंच नाही. कौशल्याबाई दरवर्षी मला घरी आणत, काथ आणि कुंकवाचं खोटं रक्त धूत, आणि दोरीवर वाळत घालत. दरवर्षी मरण तेवढं माझ्या वाट्याला आलं.

सयाजी गेल्यावर मला आणखी तिघांनी घातलं. पुढे आवारात गाड्या लावायला फरशी झाली, तालमीला कुणाला सवड होईना, आणि नाटक बंद पडलं. डांबरगोळ्यांच्या वासात मी पेटीत पंधरा वर्षं पडून राहिलो. कौशल्याबाई मुलाबरोबर निगडीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तशी पेटीही गेली. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत.

मागच्या डिसेंबरात पेटी उघडली. कौशल्याबाईंची नात अनुया मला उजेडात धरून उभी होती. ती हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते आणि मारुंजीला मैत्रिणींबरोबर राहते. तिला सिनेमाचं वेड. मंडळींकडून थोडी मदत घेऊन आणि ऑफिसातल्या क्षितिजला कॅमेऱ्यावर उभं करून तिला प्रभूच्या जीवनाचा सिनेमा करायचा होता. आपल्या भाषेत, आपल्या भागात, आपल्या माणसांना घेऊन.

"आजी, तुझा आवडता प्रसंग कोणता?" तिनं विचारलं.

"उठण्याचा," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही दिवाळीपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "अठ्ठावीस वर्षं मी त्याला मरताना बघितलं गं. रक्त धुतलं, वाळत घातलं. उठलेला कधी बघितला न्हाई. डोळे हायेत तोवर एकदा दाखव."

"दाखवते. पण उठलेल्या येशूच्या अंगावर हा झगा कसा असेल? तो तर शिपाई घेऊन जातात."

"मग सोनबाकडून मागून घे. देईल तो."

अनुया हसली आणि तिनं शब्द दिला. माझ्या धाग्याधाग्यांत काय झालं, ते मला सांगता येणार नाही. म्हाताऱ्या कापडालाही आशा सुटत नाही.

येशू मिळाला तो घराच्या भिंतीवर. गणराज लातूरकडचा. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. तिथली रीत अशी, की सात महिने भरत आले की ठेकेदार ब्रेक देतो, म्हणजे दोन-तीन महिने घरी बसवतो. सलग काम झालं तर माणूस कायम नोकरी मागेल, म्हणून. ब्रेकमध्ये गणराज मिळेल ते काम करायचा. तो निगडीच्या फ्लॅटला रंग द्यायला आला होता. घरी बसल्यामुळे दाढी वाढली होती, गालाची हाडं वर आली होती.

"थांबा! तसेच उभे राहा," अनुया ओरडली.

"ताई, रंग ओघळायलाय की," शिडीवरून गणराज म्हणाला.

सोनबांना हे पसंत पडलं नाही. "नाव गणराज, आणि करणार येशू? आपल्या मंडळीत कुणी न्हाई व्हय?"

"तुझ्या मंडळीतली पोरं जिमला जातात," कौशल्याबाई म्हणाल्या. "एवढी हाडं कुणाची दिसतात, सांग."

गणराजनं मात्र मला हातात घेऊन भीत भीत विचारलं, "आजी, मला पाप तर नाही ना लागायचं?"

"तंबाखू सोड, शिवी देऊ नको. बाकीचं तो बघून घेईल."

त्यानं खरंच तंबाखू सोडली. मला घालण्याआधी तो हात धुऊन यायचा. सयाजींनंतर इतक्या जपून मला कुणी अंगावर घेतलं नव्हतं.

जानेवारीपासून शनिवार-रविवारी शूटिंग सुरू झालं. पवनेच्या काठावर कोळ्यांना हाक मारली, चाकणच्या बाजारात मेंढरांमागे चाललो. एकदा एका मोकळ्या प्लॉटवर डोंगरावरचं प्रवचन चाललं होतं, तिथं राखणदार काठी आपटत आला, "परवानगी कुठंय?" गणराज त्याच्याकडे वळला. राखणदारानं त्याला पाहिलं, काठी काखेत घेतली, हात जोडले आणि म्हणाला, "चालू द्या, महाराज." त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. गणराजची बायको दीपमाला तर खाली बसली. ती म्हणाली, "घरात मी दहा हाका मारल्या तरी हे उठत नाहीत, आणि इथं बघा, लोक पाया पडायलेत."

वधस्तंभाचा प्रसंग आधी उरकावा लागला. चाकणच्या पलीकडची जी टेकडी अनुयानं निवडली होती, तिचा मुरूम जेसीबी रोज खात होता. महिनाभरानं टेकडी उरली नसती. मार्चमधल्या एका दुपारी सोनबांनी मला गणराजच्या अंगावरून ओढून घेतलं. या खेपेला ते काही पुटपुटले नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या कौशल्याबाई पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होत्या. अनुया "कट" म्हणाली तरी कुणी हललं नाही. मग वरून आवाज आला, "आता उतरवा की. हात बधिर व्हायलेत."

आता एकच प्रसंग उरला होता. पहाटेची कबर, दगड बाजूला, आणि मला अंगावर घेऊन बाहेर येणारा येशू.

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. काम वाढलंय, सोमवारपासून ये, नाहीतर दुसरा बघतो. गणराज गेला. न जाऊन कसं चालणार?

मित्रांनो, इथं आमच्या हातून चूक झाली. आमच्या म्हणतो, कारण फोन आला त्या संध्याकाळी निगडीच्या घरी घडी होऊन मीही होतो आणि माझ्याही मनात तेच होतं. गणराज म्हणाला, "ताई, माझी सुट्टी गुरुवारी असती. गुरुवारी पहाटे करू की." इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी असते, हे चिंचवडच्या जुन्या माणसाला सांगावं लागत नाही.

"गुरुवारी माझं आणि क्षितिजचं ऑफिस असतं, दादा," अनुया म्हणाली. "आणि ईस्टर पुढच्या रविवारी आहे. त्याच पहाटे, खऱ्या ईस्टरच्या उजेडात करू. बघा ना, किती सुंदर होईल!"

"रविवारीच उठला होता तो," कौशल्याबाईंनी मान हलवली.

गणराज थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. बघतो. येतो मी."

कसा येणार, हे कुणी विचारलं नाही.

ईस्टरच्या पहाटे आम्ही टेकडीवर पोचलो, म्हणजे टेकडीचं जे उरलं होतं तिथं. कौशल्याबाईंनी मला आदल्या दिवशी रिठ्यानं धुऊन निळीत बुडवलं होतं. इतका पांढरा मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. मी त्यांच्या मांडीवर होतो. क्षितिजनं कॅमेरा लावला, सोनबा दगड ढकलून ठेवून आले. पूर्वेला तांबडं फुटलं. गणराज फोन उचलत नव्हता.

"झोपला असंल," सोनबा म्हणाले.

"तो झोपणारा न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या.

सूर्य वर आला. अनुयाला हवा होता तो उजेड आला, कबरेच्या तोंडावर पडला आणि हळूहळू साधा झाला. मग फोन वाजला. दीपमाला बोलत होती. अनुयानं आवाज मोठा केला.

"ताई, तुम्ही वाट बघत असाल म्हणून त्यांनीच फोन करायला लावलंय. आज जमणार नाही म्हणाले. काल दुपारी त्यांचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेला. उजवा. चार बोटं गेली."

हळूहळू सगळं कळलं. रविवारची त्याची पहिली पाळी आयुष नावाच्या जोडीदारानं करायची कबूल केली होती. बदल्यात गणराजनं त्याची शुक्रवारची रात्रपाळी केली, आणि सकाळी न थांबता स्वतःची पाळी सुरू केली. हात आत आला की मशीन थांबवणारा प्रेसचा सेन्सर काम भरभर व्हावं म्हणून बंद ठेवलेला होता. पंधराव्या तासाला गणराजचा डोळा लागला. ठेकेदार म्हणाला, चूक त्याचीच, झोपेत काम करत होता. ते खोटं नव्हतं. तो का झोपेला आला होता, ते आम्हाला ठाऊक होतं.

कौशल्याबाई दवाखान्यात जाऊन आल्या. मी पिशवीत त्यांच्याबरोबर होतो. मला बाहेर काढायचं धाडस त्यांना झालं नाही. गणराजचा आवाज तेवढा मला आला.

"आजी, एक सीन राहिलाय. हा हात बाहीत ठेवतो, डावा दाखवू. ताईंना म्हणावं, कॅमेरा आणा."

"उठल्यावर येशूला खिळ्यांच्या खुणांचे दोन्ही हात दाखवायचे असतात रं, लेकरा," कौशल्याबाई म्हणाल्या. अनुया दारातून आत आलीच नाही.

सिनेमा अडला. पावसाळा गेला. कौशल्याबाईंना आता समोरचं माणूस धुक्यातल्यासारखं दिसत होतं. तेव्हा क्षितिज म्हणाला, "अनुया, गणराजचा चेहरा आपल्याकडे आहे. इतक्या तासांचं शूटिंग आहे. उरलेला सीन मी कॉम्प्युटरवर बनवतो. आजकाल ओळखूसुद्धा येत नाही."

आठवड्यात त्यानं बनवून आणला. निगडीच्या घरी कौशल्याबाईंना टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर बसवलं. मी त्यांच्या खांद्यावर होतो.

मी स्वतःला पडद्यावर पाहिलं. कबरेतून उजेड आला, उजेडातून गणराज आला, आणि त्याच्या अंगावर मी होतो. मी कधी नव्हतो इतका पांढरा. गणराजनं दोन्ही हात वर केले. दहाही बोटं लांब, सरळ, निरोगी होती. खिळ्यांच्या खुणासुद्धा देखण्या होत्या.

चव्वेचाळीस वर्षं ज्यासाठी थांबलो, ते समोर होतं. खरं सांगतो, मला ते आवडलं. क्षणभर मला वाटलं, असंच झालं असेल.

कौशल्याबाईंनी पुढे सरकून काचेला बोट लावलं. गणराजच्या उजव्या हाताच्या बोटांवरून ते एकेक करून फिरवलं.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"गणराजदादाचीच, आजी. म्हणजे... आधीची."

"आधीची आता कुठं हायेत?"

त्यांचं बोट अजून काचेवरच होतं.

"तो तिकडं खोलीत बसलाय. तो न्हाई उठला. मग हा कोण उठलाय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "पूस हे."

"आजी, दिवाळी दोन आठवड्यांवर आलीय. पुन्हा तुला दिसणार नाही गं. राहू दे ना. तुझ्यासाठीच केलंय."

"माझ्यासाठीच तर त्याचा हात गेला. पूस म्हणते ना."

अनुयानं पुसलं. सिनेमा कबरेवर दगड लोटतात तिथं संपवला. नोव्हेंबरात मंडळीच्या सभागृहात तो दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी चार शब्द बोलून माझंही कौतुक केलं. गणराज आला नव्हता. कौशल्याबाई पहिल्या रांगेत होत्या, पण त्यांच्यासाठी पडदा आणि भिंत आता सारखीच होती. पडद्यावरचं सगळं त्यांनी आवाजावरून ओळखलं. दगड सरकल्याचा आवाज आला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. पुढे काही नाही हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या अनुयाला घेऊन चाकणला गेल्या. गणराज तिथंच एका खोलीत राहतो. दीपमाला आता त्याच ठेकेदाराकडे कामाला जाते. तिच्या कामाचा पाचवा महिना चालू आहे, सात भरत आले की तिलाही ब्रेक मिळेल. आम्ही गेलो तेव्हा गणराज उघडाच बसला होता. अनुयाला पाहून त्यानं घाईघाईनं टॉवेल ओढून घेतला.

"यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत," दीपमाला म्हणाली. "मी सकाळी लावून जाते. एखाद्या दिवशी उशीर झाला की हे असेच बसून राहतात."

कौशल्याबाईंनी पिशवी चाचपली आणि मला बाहेर काढलं. मला बटणं नाहीत, मित्रांनो. डोक्यावरून घातलं की झालं. त्यांनी दीपमालाकडे कात्री मागितली. दिसत नव्हतं, तरी बोटांनी मोजून त्यांनी मला गुडघ्याएवढं कापलं आणि काठ दुमडून कोपऱ्यातल्या मशीनवर टीप घालायला दीपमालाला सांगितलं.

"मशीनची टीप बाहेरून दिसंल, आजी," दीपमाला म्हणाली.

"दिसू दे," कौशल्याबाई म्हणाल्या.

गणराजनं मला घालून घेतलं. उजवी बाही रिकामी लोंबू नये म्हणून दीपमालानं तिला गाठ मारली, कारण तो हात तो आतच ठेवतो. अनुया त्याला काहीतरी सांगायला गेली. तो म्हणाला, "राहू द्या ताई, चहा घ्या." ती चहा न घेता बाहेर जाऊन उभी राहिली. तेव्हापासून ती कॅमेऱ्याला शिवलेली नाही, असं ऐकतो.

आता मी येशूचा झगा उरलो नाही. मी गणराजचा घरातला सदरा आहे. तो मला घालून रस्त्यावर जात नाही. एकदा गेला होता, तेव्हा पोरं ओरडली, "येशू आला, येशू आला!" तेव्हापासून तो उंबऱ्याच्या आतच बसतो. तंबाखू पुन्हा सुरू झाली आहे. डाव्या हातानं मळता येत नाही, म्हणून तो शेजाऱ्यांकडून मळून घेतो.

शाळेच्या निबंधातल्या जुन्या वस्तू शेवटी मुलांना विनवणी करतात, की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझं तसं काही मागणं नाही. मला कसर लागली तरी चालेल. मी एवढंच मागतो, की तुम्ही कुणाला प्रेमानं म्हणाल, "अमुक दिवशी ये, तुझ्यावाचून अडलंय," आणि तो थोडा वेळ गप्प राहून "बरं" म्हणेल, तेव्हा त्याला तसाच जाऊ देऊ नका. तो दिवस तो कुठून आणणार आहे, ते त्याला विचारा. काम चांगलं होतं, देवाचं होतं, सगळ्यांच्या मनात माया होती. तरीही विचारायला हवं होतं.

बाहेर उन्हं कलली आहेत. दीपमालाची पाळी सुटायला अजून दोन तास आहेत. गणराज भिंतीला टेकून बसला आहे. मी त्याच्या अंगावर आहे, आणि त्याचा झाकलेला हात मला आतून लागतो आहे.